विटेखालचं पातेलं

"ह्यो रस्सा आमचा न्हाय!"

आमचे वडील उभे राहून ओरडले. हातात वाटी, वाटीत तांबडा रस्सा, आणि आवाज असा की भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पानं उलटली. वडील फौंड्रीत फोरमन होते. भट्टीच्या आणि लेथच्या आवाजावर मात करत करत त्यांचा गळा असा तयार झाला होता, की त्यांनी कुणाच्या कानात काही सांगितलं तरी शेजारची म्हैस पान्हा चोरायची. त्या संध्याकाळी ते कानात सांगत नव्हते.

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका आतल्या गल्लीत, चार टेबलांच्या खानावळीत, जानेवारीतल्या रविवारी सात-साडेसातला हे घडलं. गर्दी नेहमीचीच, म्हणजे सगळ्यांनी एकदम श्वास घेतला तर शेवटचा माणूस दारातून बाहेर पडेल इतकी. वडिलांचं वाक्य संपलं आणि सगळे हात होते तिथे थांबले. कुणाचा घास ताटात, कुणाचा तोंडाशी. एकाचा घास तर आत गेलेला, तोही घशात उभा राहिला असावा. कारण दुसऱ्या कुठल्या हॉटेलात हे वाक्य म्हणजे नुसती तक्रार झाली असती. इथं ते वाक्य म्हणजे देवळात कुणी ओरडावं, "ही मूर्ती बदललीय!"

का, ते सांगतो. त्याशिवाय तुम्हाला त्यातला धोका कळायचा नाही.

कोल्हापूरचा माणूस जगात कुणावरही विश्वास ठेवेल. पुढाऱ्यावर ठेवेल, ज्योतिषावर ठेवेल, रिक्षाच्या मीटरवरही ठेवेल. पण मटणाच्या बाबतीत सख्ख्या भावावर ठेवणार नाही. मटण तो स्वतः उभा राहून, बोट दाखवून, "त्यो न्हवं, त्याच्या मागला" असं करून घेतो. आणि चटणी? चटणी घरचीच. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, कांदा-लसूण-खोबरं भाजायचं, डंकावर कुटून आणायची, बरणीत दाबून भरायची आणि वर्षभर पुरवायची. प्रत्येक घराची चटणी वेगळी, आणि प्रत्येक घराच्या मते बाकीची घरं आजवर जिवंत कशी राहिली हेच नवल.

आता अशा माणसाला बाहेर जेवायची हौस आली तर त्यानं करावं काय? त्यासाठी ही खानावळ होती. तिथल्या मावशी तुमचं मटण, तुमच्या चटणीत, तुमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात शिजवून द्यायच्या. दुपारी मटण आणि चटणीचा डबा पोचवायचा, संध्याकाळी जाऊन जेवायचं, उरलेलं घरच्यांसाठी डब्यात. पुरुषांना आपण हॉटेलात जेवलो असं वाटायचं आणि बायकांना आठवड्यातून एक संध्याकाळ चुलीपासून सुटका मिळायची. लग्न टिकवण्याचा याहून स्वस्त उपाय मी आजवर पाहिलेला नाही.

रविवारी आत आठ-आठ पातेली असायची. कुठलं कुणाचं हे ओळखायला मावशींनी चिठ्ठ्या लावून पाहिल्या होत्या, वाफेनं त्या सुटायच्या आणि एकदा एक चिठ्ठी रश्शात शिजून एका पावण्यानं ती खाल्ली, म्हणाला, "पापुद्रा लय चवीचा हुता." तेव्हापासून त्यांनी वेगळी रीत काढली. प्रत्येक घराच्या झाकणावर एक एक वस्तू. शेजारच्या टेबलावरचे शाळामास्तर, त्यांच्या झाकणावर नारळाची करवंटी. कोपऱ्यातले वकीलसाहेब, त्यांच्या झाकणावर किल्ली हरवलेलं पितळी कुलूप. आमच्या झाकणावर अर्धी वीट. वीट का, असं वडिलांनी एकदा विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "तुमच्या पातेल्यावर जड कायतरी पायजे की भावजी, न्हाईतर तुमी बाहीर बोलला की आत झाकण उडतंय." मावशींच्या स्वतःच्या घरचं पातेलं तेवढं उघड्या डोक्याचं. झाकणावर काहीच नाही.

आणि ती थंडी. त्या वर्षीसारखी थंडी कोल्हापुरात ना आधी पडली ना नंतर. पहाटे पंचगंगेच्या घाटावर आंघोळीला जाणारे पैलवान नदीकडं नुसतं बघायचे आणि "झाली आंघोळ" म्हणून परत फिरायचे. गिऱ्हाईकासमोर ताजी धार काढून देतात त्या दूध कट्ट्यावर म्हशी धार काढू देईनात. काढणाऱ्याचे हात गार लागतात म्हणून. कोडोलीचा आमचा मामा दोन दिवसांसाठी घोंगडं पांघरून आला, ते त्यानं मार्चमध्ये उतरवलं. तेव्हा आत एक स्वेटर निघाला आणि तो माझा होता.

अशा थंडीत त्या खानावळीतली खरी जागा कुठली, तर मधल्या भिंतीला लागून असलेला बाक. भिंतीच्या पलीकडं चुली. त्या भिंतीला पाठ लावून बसलं की ऊब हळूहळू मणक्यातून वर चढायची आणि माणूस आपोआप सगळ्यांना माफ करायला लागायचा. त्या बाकासाठी लोक सहा वाजल्यापासून येऊन बसायचे. एकाच्या सदऱ्याला तर तिथं अशी कडक इस्त्री झाली होती की तो तिथूनच लग्नाला गेला. पुढं दोन हजार सालानंतर त्याच भागात काचेच्या दाराची, टेबलावर मेणबत्ती लावणारी हॉटेलं आली. मीही गेलोय. थंडी म्हणून सूप मागवलं तर वेटरनं विचारलं, "वन बाय टू?" एक वाटी पाणी दोन माणसांत वाटून पिण्याची पद्धत मी दुष्काळात पाहिली होती, हॉटेलात पहिल्यांदाच पाहिली. मावशींकडं बसल्या बसल्या पांढऱ्या रश्शाचा पेला भरून समोर यायचा, आणि तो संपायच्या आत दुसरा. "पिवा की, हातपाय मोकळं हुतील" हा त्यांचा मेनूकार्डावरचा पहिला आणि शेवटचा मजकूर.

तर अशा त्या उबेत आमचे वडील ओरडले, आणि मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"काय झालं, भावजी?"

"वैनी, ह्यो रस्सा आमचा न्हाय."

"विटंखालचंच पातेलं वाढलंय."

"वीट आमचीच आसंल. रस्सा आमचा न्हाय. आमच्या घरची चटणी मला झोपंत पाजा, मी सांगतो."

मावशी हळूच म्हणाल्या, "सतरा वरसं झाली, भावजी. अजून एक पातेलं हिकडचं तिकडं झालेलं न्हाय."

आवाज शांत होता, पण तोंडावरचं रक्त उतरलं होतं. कारण खानावळ चालत होती ती त्या एका गोष्टीवर. चव तर ज्याच्या त्याच्या चटणीची. मावशींचं म्हणून तिथं जे काही होतं ते एवढंच: ज्याचं त्याला मिळतं. पातेली बदलतात असा बोभाटा गल्लीत झाला की पुढच्या रविवारी चुलीवर मांजरं झोपणार, हे त्यांना कळत होतं आणि आम्हालाही.

आता गंमत अशी की तो रस्सा आमचाच होता. हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं. एक मावशी, दुसरा मी.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो. बी.कॉम. झालो होतो आणि नोकरी शोधण्याची पूर्णवेळ नोकरी करत होतो. आदल्या ऑगस्टमधल्या एका धो-धो दुपारी आई बाहेर गेलेली असताना आम्ही चार मित्रांनी भाकरी, तेल आणि आईची चटणी यांच्यावर धाड घातली. चमचा ओला होता. बरणीवर बांधायचं फडकं बांधायचं राहिलं. एवढीच चूक. दसऱ्याच्या तोंडावर आईनं मोठी बरणी उघडली तर चटणीला पांढरी दाढी आलेली, तीही माझ्यापेक्षा दाट.

आईनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ती बरणीसमोर नुसती बसून राहिली. आमच्या गल्लीत आईची चटणी म्हणजे शेवटचा शब्द. नव्या सुना आपली चटणी वाटीत घेऊन तिला दाखवायला यायच्या. ती बोटाच्या टोकावर घेऊन जिभेला लावायची आणि "खोबरं कमी भाजलंय" असा निकाल द्यायची. त्यावर अपील नव्हतं. वडील तर फौंड्रीत, लग्नात, मयतीत, जिथं चार माणसं भेटतील तिथं सांगायचे, "आमच्यात बाहीरची चटणी उंबऱ्याच्या आत येत न्हाय." आणि आता त्या बाईच्या बरणीला बुरशी.

"ह्यांस्नी कळता कामा न्हाय," एवढंच ती म्हणाली.

मग ती शाल गुंडाळून एकटीच मावशींकडं गेली आणि एक डबा भरून मावशींच्या घरची चटणी घेऊन आली. तो डबा रिकाम्या बरणीत ओतला. त्या रात्री वडिलांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि मला आणि आईला घाम फुटला. वडील म्हणाले, "औंदा चटणी जमलीया! गेल्या वर्सापरास चांगली!"

आईच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. पंचवीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पहिल्यांदा चटणीची स्तुती केली, ती दुसरीच्या.

पुढं असंच चालू राहिलं. डबा संपला की आई मावशींकडून दुसरा आणायची. रविवारी तीच चटणी छोट्या डब्यातून आमच्या मटणाबरोबर परत मावशींकडं जायची. मावशी झाकण उघडून वास घ्यायच्या आणि माझ्याकडं बघून हसायच्या, "आली गं बाई माहेराला." आणि संध्याकाळी वडील बाकावर पाठ शेकत भुरके मारायचे आणि मास्तरांना सांगायचे, "ह्याला म्हणायचं घरची चटणी, मास्तर. तुमच्यात काय, तांबडी माती."

त्या रविवारी मात्र डबा पुन्हा संपला होता आणि आईचा धीरही. "पाचव्यांदा कंच्या तोंडानं मागू?" असं म्हणून तिनं कोपऱ्यावरच्या दुकानातून तयार चटणीची पिशवी आणली. रंग असा की रंगपंचमीला चालावा. छोट्या डब्यात भरून ती दुपारी मी मावशींना नेऊन दिली. त्यांनी नेहमीसारखा वास घेतला आणि हसल्या नाहीत.

"ही कुणाची रं?"

"दुकानातली."

"कळंल त्यांस्नी."

"न्हाई कळत, मावशी. चार म्हयनं कळलं न्हाई त्यांना."

"चार म्हयनं माजी हुती," मावशी म्हणाल्या.

मी म्हटलं, मग तुमचीच घाला की दोन चमचे, कोण बघतंय. तर त्या माझ्याकडं अशा बघायला लागल्या, जणू मी चुलीत लघवी करा म्हणालो.

"ज्याचं त्याच्यात. माजं मी दुसऱ्याच्या पातेल्यात घालत न्हाय."

आणि दुकानातली चटणी आमच्या मटणात गेली. वर झाकण, झाकणावर वीट.

म्हणजे वडिलांची जीभ खोटी नव्हती. चटणी बदललीय हे त्यांनी एका भुरक्यात ओळखलं होतं. चुकला होता तो फक्त निष्कर्ष. त्यांच्या मते घरात गडबड होणं शक्यच नव्हतं, म्हणजे ती खानावळीतच झाली असणार.

"आमचं पातेलं गेलं कुटं?" वडील गरजले. "ज्याच्या ताटात आसंल त्यानं मुकाट्यानं सांगावं!"

मग जे झालं ते मी नंतर कुठल्या विधानसभेतही पाहिलं नाही. प्रत्येकाला आपला रस्सा संशयास्पद लागायला लागला. मास्तर म्हणाले, "खरं म्हंजी मलाबी मगापास्नं जरा वेगळंच लागतंय." वकीलसाहेब म्हणाले, "वेगळं लागत असताना दोन वाट्या कशा संपवल्या? हे लेखी घ्या कुणीतरी." वडील वाटी घेऊन टेबलाटेबलावर निघाले. मास्तरांच्या वाटीत बोट बुडवलं, चाटलं, आणि म्हणाले, "ही न्हवं. ही चटणी का खडूची भुकटी?" मास्तर उठले. "आमच्या मंडळींनी केलेली चटणी हाय ती!" "म्हनून तर तुमी एवढं वाळलाय." वकीलसाहेबांनी आपली वाटी दोन्ही हातांनी झाकून धरली. वडिलांनी ती हातांसकट उचलली. एक भुरका. "लसूण हाय का न्हाय ह्यात? का त्याचीबी पुढची तारीख पडलीया?"

सगळी ताटं झाली. आमची चटणी कुठंच नाही. लोक हसायला लागले होते, आणि मला वाटलं, संपलं. वडील बसतील, चार शिव्या देतील, जेवतील.

तेवढ्यात त्यांची नजर दारातून आत, चुलीशेजारी ठेवलेल्या पातेल्याकडं गेली. झाकणावर काही नसलेलं.

"त्यात काय हाय, वैनी?"

"ते आमच्या घरचं."

"दावा."

मावशींचे यजमान चुलीपुढं बसलेले असायचे. कमालीचा अबोल माणूस. त्यांनी लग्नात "शुभमंगल सावधान" ऐकून जे तोंड मिटलं ते उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ते उठून उभे राहिले. मावशींनी हातानंच त्यांना थांबवलं आणि स्वतः झाकण काढलं. वडिलांनी पळीभर रस्सा वाटीत घेतला, तोंडाला लावला.

डोळे मिटले. मिटलेलेच राहिले. आणि मग फौंड्रीतल्या त्या माणसाचा आवाज कधी नव्हे तो मऊ झाला.

"ह्योच," ते म्हणाले. "ह्योच आमचा."

हसणं बंद पडलं.

मास्तरच म्हणाले, आणि हळू म्हणाले म्हणून जास्त वाईट वाटलं, "म्हंजे मावशी... गिऱ्हाईकाचं मटण तुमी घरला?"

पातेलं चुकून बदलणं एक, आणि आपल्या घरच्यांसाठी बाजूला काढणं दुसरं. पहिल्यानं धंदा गेला असता. दुसऱ्यानं त्या गल्लीत तोंड दाखवायची सोय राहिली नसती. मावशींनी एक वाक्य बोलायचं होतं. 'भावजी, चार म्हयनं तुमी माझीच चटणी खाताय, घरात जाऊन बरणी बघा.' संपलं असतं सगळं. त्यांचं नाव धुतल्या तांदळासारखं झालं असतं.

त्या बोलल्या नाहीत. पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. माझ्याकडं एकदा बघितलं, तेही काही मागण्यासाठी नाही. खोलीतल्या सगळ्यांकडं बघितलं तसंच.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्यात. काही हौसेनं, काही सवयीनं, ह्या पानावरच दहा-बारा निघतील. पण पोटापासून मारलेली पहिली थाप ती. कशी सुचली माहीत नाही. उभा राहिलो आणि तोंडातून निघाली.

"वीट मी हलवली."

"काय?" वडील.

"सा वाजता आलतो शेकायला. थंडी वाजत हुती. झाकणावरची वीट गरम झालीती, ती रुमालात गुंडाळून पोटाला धरली. मावशी भाईर गेल्या हुत्या. परत ठेवताना चुकून त्यांच्या पातेल्यावर ठेवली. त्यांनी वीट बघून वाढलं, दुसरं काय करणार?"

खोलीतल्या प्रत्येकानं मनात वीट उचलली, पोटाशी धरली, चुकीच्या झाकणावर ठेवली. बसत होतं. त्या थंडीत कुणीही तेच केलं असतं. वकीलसाहेबांनी मान हलवली, "शक्य आहे." मास्तरांनी दुसऱ्याच क्षणी मावशींकडं वळून हात जोडले, "चुकलं माजं, मावशी. जीभ घसरली."

आणि वडील माझ्यावर घसरले. काय काय म्हणाले ते सगळं लिहीत नाही. त्यातलं "ह्येला डिग्री कुणी दिली" आणि "विटंवर बसून शेकायचं हुतंस, निदान उबला आसतास" एवढं छापण्यासारखं आहे. दहा मिनिटं झाली. मी खाली मान घालून ऐकलं, आणि खरं सांगतो, शिव्या खाताना इतकी ऊब मला त्या भिंतीपाशीही कधी मिळाली नव्हती.

मग पातेल्यांची अदलाबदल झाली. मावशींच्या घरचं पातेलं आमच्या टेबलावर आलं, आमचं आत गेलं. वडील बसले, वाटी भरली आणि थबकले.

"वैनी, आमचं किलोभर मटण हुतं. ह्ये तर अर्धाच किलो दिसतंय."

थापेला शेपूट राहिलं होतं. मी मावशींकडं बघितलं. दुसऱ्याच्या पातेल्यात आपलं काही न घालणारी ती बाई माझ्या थापेत भर घालेल असं मला वाटलं नव्हतं.

"थंडी किती हाय, भावजी," मावशी म्हणाल्या. "आकसलंय."

वडिलांनी विचार केला. उभ्या जन्मात लोखंड तापवलं आणि निववलं होतं त्यांनी. मान डोलावली. "व्हय. लोखंडबी आकसतंय." आणि जेवायला लागले. असे जेवले की मास्तरांनी शेवटी आपली वाटी पुढं केली आणि वडिलांनी तिच्यात दोन पळ्या ओतल्या. मास्तर भुरका मारून म्हणाले, "आता कबूल करतो. घरची ती घरची."

आत मावशींचे यजमान दुकानातल्या चटणीचं मटण खात होते. एक घास घेतल्यावर त्यांनी मान वर केली आणि मला वाटतं, त्या माणसाच्या तोंडाशी त्या दिवशी खरंच शब्द आला होता. मावशींनी नुसतं बघितलं. यजमानांनी तो शब्द भाकरीबरोबर गिळला.

घरी आलो. आई स्वयंपाकघरात उभी. संध्याकाळभर ती बसली नसावी. हातात काम नव्हतं म्हणून कोरडीच भांडी पुसत होती. पिशवीतल्या चटणीचं काय झालं, हे विचारायचं होतं आणि विचारता येत नव्हतं. शेवटी वडिलांना पाणी देताना म्हणाली, "कसं झालतं मटण?"

गल्ली हादरवून आलेला, टेबलाटेबलावर युद्ध केलेला, डोळे मिटून "ह्योच आमचा" म्हणालेला तो माणूस चपला काढत म्हणाला, "बरं हुतं."

आणि आत झोपायला गेला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी तिला ओट्यापाशी सगळं सांगितलं, हळू आवाजात, पण थोडं वाढवून. वीट मी रुमालातून काढून डोक्यावर घेतली इथपर्यंत वाढवलं. ती हसली नाही. ऐकून झाल्यावर तिनं फडताळातला मोठा डबा काढला, धुतला, पुसला, आणि म्हणाली, "सकाळी जा. मी मागितलीया म्हणून सांग. लाजंपायी दुसऱ्याच्या दारात आग लावली मी."

सोमवारी सकाळी गेलो. धुकं असं की हात पुढं करून गल्ली चाचपत जावं लागलं. वाटेत दोनदा मी आमच्याच दारात परत आलो. खानावळ रिकामी होती. मावशी चुलीतली राख काढत होत्या. त्यांनी डबा घेतला, काही न विचारता भरायला लागल्या. बोटांनी दाबून दाबून, कडेपर्यंत.

मला वाटत होतं, आता त्या बोलतील. पोरा, वाचवलंस म्हणतील. निदान विटेचं तरी काही म्हणतील. त्या झाकण लावण्यात गुंग होत्या. शेवटी मीच म्हटलं, "मावशी, काल तुमी एक शब्द बोलला आसता की झालं आसतं. सगळे तुमाला चोर ठरवायला निघाले हुते. का बोलला न्हाई?"

मावशींनी डबा माझ्या हातात दिला आणि परत राखेकडं वळल्या.

"तुजी आई सांगू नगा म्हणालीती."